सरकारच्या मोटारीतला नमदा

गुलाम नबी चाचांना माती देऊन लोक परत येऊन राहिले होते. बायांना तिकडं जायचं न्हाई, म्हणून मी वेशीपाशीच उभी होते. तेवढ्यात दोघं जण आपसात बोलत माझ्यापुढून गेले. "माणूस भला होता, पण त्याच्या कामापायी वसरामचा पाय गेला." बाई गं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! माणसाला मातीआड करून अजून ह्यांनी हातपाय धुतले न्हाईत, आन जीभ लागली चालायला. मी दोघांना तिथंच अडवलं. "कुणाच्या कामापायी रे? तुमी होता का तिथं?" दोघांनी माना खाली घातल्या आन काढता पाय घेतला. दहा वर्षं झाली, पण ही बोंब काही मरत न्हाई. म्हणून आता मीच सांगते. मी मिराबाई, पुसेगावच्या बाजूच्या तांड्यावरची. मी तिथं होते.

चाचा नमदेवाले. नमदा म्हणजे लोकर दाबून दाबून केलेलं जाड कापड, घोड्याच्या खोगीराखाली घालतात ते. हिंगोलीला पलटणीची छावणी होती तवा चाचांचे वडील तिथल्या घोड्यांचे नमदे करायचे. छावणी उठली, घोडे गेले, बाकीच्यांनी दुसरे धंदे धरले. चाचांनी न्हाई धरले. टांगेवाले होते, गावोगावच्या पाटलांची घोडी होती, तेवढ्यावर त्यांचं भागायचं. चटईवर पिंजलेली लोकर पसरायची, रिठ्याचं गरम पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळी करायची, आन त्या गुंडाळीवर कोपरं टेकवून दुपारपर्यंत लाटत बसायचं. त्यांच्या कोपरांना असे घट्टे पडले होते की सदऱ्याच्या बाह्या तिथंच आधी फाटायच्या.

काठ शिवायला मी जायची. आमच्या लोकांचे बैलांचे तांडे होते तवा आमच्या बाया मिठाच्या, धान्याच्या गोण्या शिवायच्या. तो टाका माझ्या आईनं माझ्या हातात दिला. ओढला तर कापड फाटंल, पण टाका उसवणार न्हाई. चाचा म्हणायचे, "मिरे, तुझा टाका म्हणजे कुलूप."

त्यांच्या खोडी काही कमी नव्हत्या. घोडा बघितल्याबिगर नमदा करायचे न्हाईत. गिऱ्हाईक बोंबलत बसायचं, "अहो, घोड्यासारखा घोडा हाय, त्यात बघायचं काय?" हे आपले घोड्याच्या पाठीवरून हात फिरवून येणार, मगच लोकर काढणार. आन दुसरी खोड त्याहून अवघड. काम बिघडलं तर गिऱ्हाइकादेखत ते फाडून टाकायचे. चांगलं झालं तर म्हणायचे, "बराबर झालं." ह्या दोन्हीच्या मधलं त्यांना काही बोलता यायचं न्हाई. मी कितीदा डोकं फोडलं. म्हटलं, चाचा, धंद्यात थोडं इकडचं तिकडं चालतं. पण ऐकतील तर शपथ.

अडतीस साल असंल. आमच्या भागाच्या जहागीरदाराच्या थोरल्या पोरानं हैदराबादहून मोटार आणली. बसकी, लांब नाकाची, शर्यतीत पळवतात तसली, दोनच माणसं बसतील एवढी. बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणून सगळे ह्यालाच सरकार म्हणायचे. मोटार चालू झाली की धुराच्या नळीतून असा आवाज निघायचा की दोन कोसांवरची कुत्री भुंकायची. नवी बायको शेजारी बसवून हा हिंडायचा, आन ती बिचारी कानांवर हात धरून बसायची. दोन दिवसांनी तिनं सांगितलं, माझं डोकं फुटतंय, मी ह्या मोटारीत पाय ठेवणार न्हाई.

हैदराबादचा मिस्त्री म्हणाला होता, नळीला मोठा डबा बसवून देतो, आवाज आपोआप खाली येईल. तर हा काय म्हणाला असंल? "बाहेर आवाज पाहिजे. लोकांना कळलं पाहिजे कोण येऊन राहिलं ते. फक्त मला आत नको." ऐकलं का? त्याच्या जहागिरीत रिवाजच होता, मोटारीचा आवाज आला की रस्त्यावरच्या माणसानं गाडीतून, घोड्यावरून खाली उतरायचं, कडेला उभं राहायचं आन मुजरा करायचा. न्हाई केला तर दुसऱ्या दिवशी शिपाई दारात. म्हणून जगाचे कान फाटले तरी चालतील, ह्याच्या बायकोचं डोकं तेवढं दुखायला नको! मिस्त्री हात जोडून निघून गेला. मग कुणीतरी चाचांचं नाव सांगितलं.

चाचांनी घोडा बघतात तशी मोटार बघितली. आत बसले, डोळे मिटले, ड्रायव्हरला म्हणाले, चालू कर. मग तळहात टेकवत टेकवत सगळा पत्रा तपासला. जिथं पत्रा थरथरायचा तिथं खडूची खूण. पायाखाली जिथून दांडे आन तारा आत येतात तिथल्या भोकांवरही खुणा. मला म्हणाले, "मिरे, अर्धा आवाज पत्रा करतो आन अर्धा ह्या भोकांतून घुसतो." पंधरा दिवस आमी खपलो. आधी पत्र्याला डांबरात बुडवलेलं गोणपाट चिकटवलं, म्हणजे पत्र्याचं थरथरणं बंद. त्यावर बोटभर जाडीचा नमदा. भोकांत लोकरीचे बोळे ठासले. वरून कातडं, आन कातड्याला काठोकाठ माझा टाका. दारं लावून मोटार चालू केली तर आत आपला श्वास आपल्याला ऐकू यावा! चाचांनी मान डोलावली. "बराबर झालं."

पण चालवणाऱ्याच्या बाजूच्या दाराला त्यांनी वीतभर जागा मोकळी ठेवली होती, कानाच्या उंचीला. तिथं गोणपाट न्हाई, नमदा न्हाई, नुसतं पातळ कापड. सरकारनं आत बसून बघितलं आन कपाळाला आठ्या घातल्या. "इथून आवाज येतो. बंद कर."

चाचा म्हणाले, "सरकार, खोगीराखालचा नमदा घोड्याच्या कण्यावर कधी टेकवत न्हाईत. मधी वाट ठेवतात. तशी ही वाट हाय. चालवणाऱ्याला रस्ता ऐकू यायला पाहिजे."

"मी सांगतो ते कर."

"ते माझ्या हातून होणार न्हाई, सरकार."

असं तोंडावर! सरकार उतरला, दार आपटलं आन गेला.

दुसरा दिवस जुम्म्याचा. चाचा नमाजाला गेले, दुकानात मी एकटी, मांडीवर माझं चार महिन्यांचं लेकरू. सरकारचा शिपाई मोटार घेऊन दारात. म्हणाला, "बाई, ती वीतभर जागा शिवून दे. सरकारचा हुकूम हाय. तू केलं तर ठीक, न्हाई तर म्हातारा येईल तवा त्याच्याकडून कसं करून घ्यायचं ते आमाला बराबर ठाऊक हाय." त्यानं हातातली काठी दाराच्या चौकटीवर आपटली. मी काय करणार? खरं सांगू? मला भीती तर वाटलीच, पण मनात असंही आलं की म्हातारा उगाच हट्ट करून राहिला. वीतभर जागेनं असं काय होतंय? लेकराला खाली ठेवलं, गोणपाट घातलं, नमद्याचा तुकडा बसवला, कातडं ओढून घेतलं आन शिवलं. माझा नेहमीचा टाका. शिपाई मोटार घेऊन गेला.

चाचा आल्यावर मी सांगितलं. ते माझ्यावर ओरडले न्हाईत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "काहून केलंस, बेटी?" पायातले जोडे काढले नव्हते, तसेच परत फिरले आन सरकारच्या वाड्यावर गेले. दरवानानं आत सोडलं न्हाई. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी दरवानानं धक्का दिला, कोपर सोलून आलं. म्हातारा माणूस एका वीतभर चिंधीसाठी तीन दिवस दारात उभा राहिला, आन लोक म्हणून राहिले की त्याच्या कामापायी झालं! लाज वाटत न्हाई का रे?

आठवडा गेला असंल. आमच्या तांड्यावरचा वसराम सेनगावच्या रस्त्यानं कापसाची गाडी घेऊन येऊन राहिला होता. बाभळीच्या वळणावर त्याला मोटारीचा आवाज आला. रिवाज! भल्या माणसानं कासरा सोडला, खाली उतरला, पागोटं नीट केलं आन कडेला जाऊन उभा राहिला. गाडीवर बसून राहिला असता तर बैल धरता आले असते. आवाज जवळ आला तसे बैल बिथरले आन गाडी रस्त्यात आडवी झाली. वसराम धावला, बैलांच्या पुढं होऊन ओरडायला लागला, "थांबा सरकार, थांबा!" शेतातली माणसं ओरडली, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजून राहिल्या होत्या. वळणापलीकडं हे सगळं शेतातल्या पाखरांना ऐकू गेलं, मोटारीतल्या माणसाला न्हाई. एक बैल जागीच मेला. वसरामचा पाय गुडघ्याखाली चुरला, तो पुढं कापावाच लागला.

आन सरकार काय म्हणाला? "मला काही ऐकूच आलं न्हाई. त्या नमदेवाल्यानं माझे कान बंद केले. गुन्हा त्याचा."

कचेरी जहागिरीची. मुन्सफ जहागिरीचा पगारी नोकर. सरकार खुर्चीवर पान चघळत बसलेला, आन चाचा दोन शिपायांच्या मधी उभे. मी लेकराला काखेत घेऊन मागं दाराशी होते. मुन्सफानं विचारलं, "तुझ्या नमद्यानं बाहेरचा आवाज आत येत न्हाई, हे खरं का?"

मी मनातल्या मनात म्हणून राहिले, चाचा, सांगा की येतो म्हणून. एवढंच सांगा. थोडा थोडा येतो म्हणा, घरी जाऊ. एकदा, जन्मात एकदा तरी आपल्या कामाला वाईट म्हणा!

चाचा म्हणाले, "येत न्हाई, साहेब. काम बराबर झालंय."

मी कपाळावर हात मारला.

"जबानीत तू म्हणतोस, दाराची वीतभर जागा मोकळी होती. मग ती कुणी बंद केली?"

चाचांनी मागं वळून बघितलं न्हाई. "मी केली."

जन्मभर खोटं न बोललेला माणूस, आन बोलला तर हे! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तशीच पुढं घुसले. "खोटं हाय, साहेब! मी शिवली ती जागा. आन ह्यानं शिवायला लावली, हा जो पान खाऊन राहिला ना, ह्यानं! चाचा न्हाई म्हणाले होते. मोटार आणा हितं, टाका बघा. हा टाका चाचांना येतो का ते त्यांच्या हातात सुई देऊन बघा!"

मुन्सफानं लेखनिकाकडं बघितलं. लेखनिक दौतीला झाकण लावत म्हणाला, "सरकारची मोटार कचेरीत कशी आणणार? आन बाईच्या बडबडीचं काय लिहायचं?" सगळे हसले. सरकार पण हसला. चाचा तेवढे माझ्याकडं वळून म्हणाले, "चुप बैठ, बेटी. गोद में बच्चा है." म्हणजे माझ्या लेकराला घेऊन मला कोठडीत बसावं लागू नये, म्हणून हा म्हातारा माझा गुन्हा अंगावर घेऊन राहिला होता. सहा महिन्यांची कैद झाली त्यांना. कोठडीच्या ओलीनं त्यांचे सांधे धरले ते धरलेच, पुन्हा गुंडाळीवर कोपर टेकवता आलं न्हाई. बाहेर आल्यावरही त्यांनी मला बोल लावला न्हाई.

शिक्षा झाली त्या दिवशी त्यांना चालवत कोठडीकडं नेऊन राहिले होते. मी मागून जात होते. एवढ्यात तोच आवाज आला. बाजारातली माणसं भराभर कडेला झाली, गाड्यांवरचे खाली उतरले, माना वाकल्या. शिपायांनी चाचांचीही मान दाबून वाकवली. मोटार आली. काचा वर केलेल्या, आत तो आन त्याची बायको, दोघं हसत बोलून राहिलेले. मी रस्त्याच्या कडेला अगदी दारालगत गेले आन ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. त्याचं खानदान काढलं, वसरामच्या पायाचं नाव घेऊन ओरडले, चाचांचं नाव घेऊन ओरडले, घसा फुटेस्तोवर ओरडले. बाजारातलं एकूण एक माणूस माझ्याकडं वळून बघायला लागलं.

त्यानं मान पण वळवली न्हाई. वळवणार कशी? त्याच्या कानाशी मीच तर टाका घातला होता.