घुशीचा नांगर

नांगर म्हटलं की माणसाला उलथलेली ढेकळं दिसतात. आमच्या नांगराचं काम उरकलं की वर काहीच दिसायचं नाही. जे व्हायचं ते सगळं जमिनीच्या पोटात. पाव्हण्यारावळ्याला दाखवायला आमच्याकडे एक ढेकूळ नाही! उरले ते नुसते किस्से, आणि ते असे साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा बाही ओढतो. बायको म्हणते, "पुन्हा तेच?" आता तेच नाही तर काय नवं आणू? नांगर कधीच भंगारात गेला. पण थंडीच्या दिवसांत अंगणात खुर्ची टाकून बसलो, ऊन पाठीवर आलं, की इंजिनाची घरघर कानात सुरू होते आणि मी आपला कृष्णाकाठच्या धुक्यात जाऊन पोचतो.

मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, त्या वेळची गोष्ट. कराडच्या खालच्या अंगाला नदीचं पाणी पंपानं वर चढलं होतं, जिकडं तिकडं ऊस उभा होता. आणि उसाला पाणी पाजून पाजून काही रानं चिबड झाली होती. पाणी खालीच तुंबून बसायचं आणि वर मीठ फुटायचं, पीठ सांडल्यासारखं. ते खालचं पाणी काढून द्यायचं आमचं काम.

आमच्या नांगराला फाळ नव्हता. एक उभं पोलादी पातं आणि त्याच्या बुडाला बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता, मनगटाएवढा जाड लोखंडी गोळा. चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरनं ओढला की हा गोळा चिकणमातीतून गुडघाभर खोल बीळ पाडत जायचा. बिळाचं तोंड ओढ्याच्या काठाला उघडं. रानातलं पाणी झिरपत बिळात यायचं आणि तोंडातून बाहेर पडायचं. साहेबांनी याचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, पण लोकांनी एका दिवसात बारसं केलं, 'घुशीचा नांगर'!

आम्ही चौघंजण. ओव्हरसियर साहेब, सांगलीचे, विश्रामबागेत घर, बगलेत सदा नकाशाची गुंडाळी. पांडूनाना ड्रायव्हर, फौजेतून पेन्शनीवर आलेले, ट्रॅक्टरशी फक्त हिंदीत बोलायचे. कुशाबा झेंडेवाला, आटपाडीकडचा धनगर, दुष्काळात मेंढरं गेली म्हणून आमच्याकडे लागलेला. त्यानं रानाच्या वरच्या टोकाला लाल झेंडा धरून उभं राहायचं आणि नानांनी त्या झेंड्यावर नजर ठेवून सरळ यायचं. आणि मी फिटर. मला सगळे मिस्त्री म्हणत.

मुक्काम ज्ञानूदादांच्या वस्तीवर. या माणसाचं रान गावात सगळ्यात पांढरं! जनावरांच्या गोठ्यात आमची सोय केली, हौसावहिनी दोन वेळा भाकरी घालत. पण काम चालायचं दुसऱ्यांच्या रानात. दादांचं पाणी ओढ्याला जायचं तर मधे धाकट्या भावाचं, शिदूचं रान. आणि दोघांत बोलणं बंद! का, तर ऊस नवा असताना शिदू म्हणाला होता, "दादा, एवढं पाणी देऊ नगंस, रान मरंल." दादा म्हणाले, "तू मला शिकवतोस व्हय रं?" झालं, तिथंच तुटलं.

आता रान खरंच मरायला टेकलं होतं. आमचं मशीन महिन्याभरात दुसऱ्या तालुक्यात जाणार होतं, परत कधी यायचं ते देवालाच ठाऊक. दादांचं दुसरं रानही नव्हतं. मी म्हटलं, "दादा, एक शब्द टाका की शिदूकडं!"

"त्याच्यापुढं तोंड वेंगाडू? त्यापेक्षा मीठ खरडून कराडच्या बाजारात इकीन!"

मला असा राग आला म्हणता! पण त्यांचीच भाकरी खात होतो.

*

पहिल्या रानाची गंमत सांगतो. सरपंच आले, नारळ फुटला, हलगी वाजली. बायका डोईवर पदर घेऊन बांधावर बसल्या. नानांनी "चल बेटा!" म्हटलं आणि ट्रॅक्टर हलला. पोरं मागनं पळतायत. ट्रॅक्टर वरच्या टोकाला पोचला, इंजिन बंद झालं, धूर विरला.

रानात काय दिसावं? सुरीनं कापल्यासारखी एक बारीक चीर. बस्स!

मालक त्या चिरेवर वाकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला. टोपी काढली, डोकं खाजवलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघतंय.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "आवं, नारळ फोडलाय. एकदा दिसंल असं वडा की!"

*

नानांचं ट्रॅक्टर चालवणं म्हणजे एक समाधीच. बैलाच्या चालीपेक्षा सावकाश जायचं ते यंत्र. एकसुरी घरघर, उसाचे तुरे हलतायत, कुठल्यातरी गुऱ्हाळावरून गुळाचा वास येतोय. नाना अर्धे मिटलेले डोळे झेंड्यावर लावून बसत. मला वाटतं, त्या वेळी ते कृष्णाकाठी नसायचेच. कुठल्यातरी बर्फाळ खिंडीत ट्रकांची रांग घेऊन चाललेले असायचे.

असाच एक दिवस. मी बिळाच्या तोंडाशी, साहेब नकाशात. कुशाबा वर झेंडा धरून उभा. तेवढ्यात पलीकडच्या वाटेनं मेंढरांचा कळप निघाला. झालं! कुशाबाला झेंड्याचं भान राहिलं नाही. झेंडा खांद्यावर, तोंडानं "हुर्र हुर्र" करत गडी निघाला मेंढरांच्या मागं.

आणि नाना? नाना झेंड्याच्या मागं! पुढं मेंढरं, मागं कुशाबा, त्याच्या मागं ट्रॅक्टर, अशी वरात कुणाच्या तरी हळदीच्या रानात शिरली तेव्हा साहेबांचं लक्ष गेलं. धावले. हळदीवाला धावला. "थांबा! थांबा!" नानांनी ब्रेक दाबला, डोळे चोळले.

साहेब लालेलाल. "नाना, नकाशात सरळ रेघ आहे! तुम्ही कुठं निघालात?"

नाना खाली उतरले आणि टाचा जुळवून उभे राहिले. "सायेब, फौजेत झेंड्याच्या मागनं जायला शिकीवलंय. झेंडा कुठं निघालाय ते इचारायचं नसतंय!"

साहेबांना हसू आवरेना. हळदीवाला मात्र हसला नाही. त्याची समजूत काढायला कुशाबाला दोन दिवस त्याची गुरं राखावी लागली.

*

या कुशाबाचं आणि पाण्याचं वेगळंच प्रकरण. पहिल्यांदा बिळाच्या तोंडातून धार पडली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. कुशाबा सुतकी चेहरा करून बसला. दुपारी जेवला नाही. मी म्हटलं, "काय रं, काय झालं?"

"मिस्त्री, आमच्याकडं पाणी यावं म्हणून देवाला कौल लावत्यात. आन् हितं पाणी जावं म्हणून डिझेल जाळताय? पाप लागंल की वं!"

मलाही कसंतरीच झालं. कुशाबा उठला. ओंजळ धरली. डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन, आधी ओंजळ कपाळाला लावली आणि मग एक मोठा घोट घेतला.

तोंड असं वाकडं झालं म्हणता! थू थू करत उड्याच मारायला लागला. खारट ढाण! नानांनी गुळाचा खडा दिला तेव्हा कुठं गडी बोलता झाला.

"मिस्त्री, ह्येच्यापरास आमचं नसलेलं पाणी ग्वाड!"

*

त्या दिवसांतली सगळ्यात सुखाची गोष्ट सांगू? बिळाला कान लावणं. भाकरी खाऊन झाली की ओढ्याच्या काठाला पालथं पडायचं आणि बिळाच्या तोंडाशी कान न्यायचा. आतून बारीक आवाज यायचा. टिप टिप, मधेच घागर बुडल्यासारखा बुडूक. आख्खं रान झोपेत बोलतंय असं वाटायचं. नानांना त्यात छावणीतला बिगुल ऐकू यायचा. कुशाबाला मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. मला आई पहाटे उठून तांब्याचा बंब भरायची तो आवाज. डोळे आपोआप मिटायचे, आणि कुणी हाक मारली तर रागच यायचा.

साहेब आम्हाला हसायचे. "लहान आहात का रे?" म्हणायचे. पण एक दिवस आम्ही पाणी आणायला गेलो आणि हा डिप्लोमावाला माणूस इकडं तिकडं बघून पालथा पडला. टोपी एकीकडं, नकाशा एकीकडं. तेवढ्यात हौसावहिनी खुरपायला चालल्या होत्या. साहेब पालथे, तोंड मातीत, हालचाल नाही!

"आगं बया! सायबाला फेपरं आलं!"

वहिनींनी पळत येऊन साहेबांची मान उचलली, फडक्यातला कांदा बुक्कीनं फोडला आणि नाकाला लावला. आम्ही येऊन बघतो तर साहेबांच्या डोळ्यांतून धारा, वहिनी पाठीवरनं हात फिरवतायत, "बरं वाटतंय का, ल्येकरा?"

साहेबांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "वहिनी, कांदा झकास आहे. सोबत भाकरी आहे का?"

वहिनींनी भाकरी दिली. आणि जाता जाता त्यांनीही वाकून बिळाला कान लावला. बराच वेळ लावला. उठल्या तेव्हा हसू गेलं होतं. "आमचं रान कवा बोलायचं?" एवढंच म्हणाल्या.

*

साहेब शेवटी स्वतः शिदूकडं गेले. मी सोबत. शिदूचं रान ओढ्याकडं चांगलं उतरतं, काळीशार माती, मिठाचा कण नाही. ऊस तर असा की आत शिरलं की आभाळ दिसायचं नाही. नुकताच तुटून गेला होता. साहेबांनी समजावलं, नकाशा उलगडला. शिदूनं नकाशाकडं बघितलंही नाही.

"त्यानं सांगितलंय का?"

"नाही."

"मग तुमी कशाला आलाय?"

मी भडकलोच. "शिदबा, रान काय भांडलंय का तुमच्याशी? त्याला का मारताय?" साहेबांनी माझा दंड धरून मला बाहेर काढलं. वस्तीवर परतलो तर दादा बाभळीखाली बसले होते. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. वहिनींनी ताटं वाढली, ती त्या रात्री भरलेलीच परत उचलली.

मशीन न्यायला ट्रक यायचा त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, धुकं होतं. आम्ही नांगर धूत होतो. धुक्यातून शिदू आला. आमच्याकडं न बघता म्हणाला, "माझ्या रानात वडायचंय. वढ्यापास्नं बांधापतुर."

साहेब म्हणाले, "अहो, तुमच्या रानात पाणी कुठं तुंबलंय?"

"न्हाई तुंबल्यालं. वडा."

"पण कशाला?"

"रान माझं हाय न्हवं? वडा म्हणतो तर वडा!"

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. नाना आधीच सीटवर चढले होते. ओढ्याच्या काठाला गोळा जमिनीत उतरवला. कुशाबा वर जाऊन शिदूच्या बांधाशी झेंडा धरून उभा राहिला. पलीकडं दादांचं रान, धुक्यात आणखीच पांढरं. बाभळीखाली दादा, नेहमीसारखे.

ट्रॅक्टर सावकाश वर निघाला. मी मागनं चालत होतो. शिदू पुढं गेला. बांधाशी पोचला, थांबला. एकदा मागं वळून ट्रॅक्टरकडं बघितलं. मग कुशाबाच्या हातातला झेंडा काढून घेतला, बांधावर चढला आणि पलीकडं उतरला.

कुशाबा आ वासून बघतोय! शिदू दादांच्या रानातनं चालत निघाला. मीठ पायाखाली करकर वाजत होतं. दादांच्या अगदी समोरून गेला, मान वळवली नाही. रानाच्या पार वरच्या टोकाला गेला आणि तोंड फिरवून झेंडा धरून ताठ उभा राहिला.

साहेब ओरडले, "नाना, बांध आला! थांबायचं का?"

नानांचे डोळे झेंड्यावर. ट्रॅक्टरनं नाक वर केलं, बांध चढला, उतरला, आणि चीर पाडत पांढऱ्या रानात शिरला. दादा उठून उभे राहिले. एवढंच केलं त्यांनी. डोईचा पटका सोडला आणि त्याच्यात तोंड घातलं. दारात हौसावहिनी उभ्या होत्या, त्या मात्र उघड रडत होत्या.

उरलेला दिवसभर नाना त्या रानात ओढत राहिले. शिदूनं झेंडा कुणाला दिला नाही. दोघं भाऊ एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ट्रकवर मशीन चढवलं. निघायच्या आधी मी ओढ्यावर गेलो, म्हटलं शेवटचा एकदा कान लावून येऊ. तर तिथं शिदू उकिडवा बसलेला. बिळाच्या तोंडातून करंगळीएवढी धार पडत होती. त्यानं बोट धारेत धरलं, जिभेला लावलं. परत लावलं. माझी चाहूल लागली तशी वर बघितलं. डोळे भरलेले.

"खारट हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "दादाचंच हाय!"