चोरीला गेलेला नकाशा

भिंतीवर जगाचा नकाशा दिसला की आजही माझी नजर आधी निळ्या भागावर जाते आणि तो म्हातारा आठवतो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. मेहकर भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. एका गावच्या हेडमास्तरांनी फिर्याद दिली, शाळेचा नकाशा चोरीला गेला. मला हसूच आलं. आठवड्याभरात खबऱ्यानं बाजारात गाठून नाव सांगितलं, तर विश्वास बसेना. त्या गावात पंचनामा असला की पंच म्हणून आम्ही याच म्हाताऱ्याला बोलवायचो. खोट्यावर सही न करणारा माणूस!

नकाशा त्याच्या गोठ्यात, कडब्यामागे सापडला. एका आडव्या रेघेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळशाचे ठिपके होते. ते मी नीट पाहिलेसुद्धा नाहीत. ज्याला एरवी बाबा म्हणायचो त्याला अरे-तुरे करून दम दिला, टेबलावर हात आपटला. तेव्हा त्यानं बंडीतून एक पत्र काढलं.

पत्र जहाज कंपनीचं, इंग्रजीत. त्याचा एकुलता एक मुलगा खलाशी होता. तापानं गेला, प्रेत समुद्रात सोडलं, आणि जागा म्हणून अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे. ही जागा नकाशात सापडेल, एवढंच पत्र वाचून देणाऱ्यानं म्हाताऱ्याला सांगितलेलं. नकाशा बघायला गेला तर हेडमास्तरांनी त्याला दोनदा हाकलून दिलं होतं.

"सायेब, या रेघेवरची सारी गावं पायली. माहं पोरगं भेटत नाई. त्याची माय रोज इचारते, कुठं ठेवलं त्याले."

पहिलाच आकडा धरून बिचारा अडखळत एकेक नाव वाचत गेला होता. मी त्याला खुर्चीवर बसवलं. म्हटलं, बाबा, एका रेघेनं जागा ठरत नाही, आडवी आणि उभी जिथं मिळतात तिथं बघायचं. दुसऱ्या आकड्याची उभी रेघ बोटानं खाली आणली. बोट थांबलं तिथं ना गाव, ना बेट.

म्हाताऱ्यानं त्या निळ्या जागेवर स्वतःचं बोट ठेवलं. मग पंचनाम्यात आम्ही नेहमी लिहितो ते त्यानं मलाच विचारलं.

"चतुःसीमा काय लिवान? उगवतीले कोन हाय त्याच्या?"

पाणी, मी म्हणालो. मावळतीलाही पाणीच.

हेडमास्तरांची समजूत घालून नकाशा शाळेत पोचवला. चोराला दम देण्याआधी चोरलेली वस्तू नीट पाहावी, हे मी त्या दिवशी शिकलो, पण तोवर त्या बापाला नको ते बोलून बसलो होतो.

त्याच्या बायकोला दाखवायला मी कोऱ्या कागदावर पंचनामा लिहिला. दोन आकडे, आणि चारही दिशांना पाणी. त्यानं खाली पंच म्हणून सही केली. पंच दोन लागतात. दुसरी सही मी केली.