दोन्ही अर्धे

आमचे मामंजी, जसमल गर्ब्याल, जेवताना तीनदा उठत. एकदा खेचरं बघायला, एकदा दाराची कडी बघायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते त्यांनाही ठाऊक नसे. लग्न होऊन तिबेटच्या वाटेवरच्या गर्ब्यांग गावी आले तेव्हा मला वाटलं, माझ्याच हातच्या भाकरीत खोट आहे. सासूबाई म्हणाल्या, "भाकरी चांगलीच झालीय गं. त्यांच्या कमरेला दगड आहे, तो बसू देत नाही."

खरोखरच होता. एक नव्हे, दोन.

खिंडीपलीकडच्या तिबेटी व्यापाऱ्याशी मैत्र जुळलं की आमच्यात एक दगड फोडायचा, अर्धा त्याचा, अर्धा आपला. दरसाल बाजार उठताना दोन्ही अर्धे जुळवायचे, वर छंग, म्हणजे जवाची दारू, शिंपडायची आणि आपापला उचलून निघायचं. आपण नाही जाऊ शकलो आणि आपला अर्धा घेऊन पोरगं गेलं, तरी मित्र लोकर त्यालाच देणार. पण दोन्ही अर्धे एकानेच उचलले, तर मैत्री मोडली. मग कारण विचारायचीही सोय नाही.

बासष्ट साली खिंडीपलीकडे ताकलाकोटच्या बाजारात मामंजी आणि त्यांचे मित्र तोब्ग्याल असेच घोंगडीवर दगड जुळवून बसले होते. तेवढ्यात बाजारात ओरडा झाला, "खिंड बंद होतेय, निघा!" मामंजींनी खालची घोंगडी गुंडाळली, खेचरावर टाकली आणि पळाले. घरी येऊन उलगडतात, तर आत दोन्ही अर्धे! पुढे चीनशी लढाई झाली आणि वाटच मिटली.

तेव्हापासून हा माणूस कुठे टेकला म्हणून नाही. दर उन्हाळ्यात खिंडीच्या वाटेला लागायचे. चौकीवरचे जवान बदलत, पण बोलणं तेच. "आजोबा, आलात? चहा घ्या आणि मागे फिरा."

"चहा घरी मिळतो मला. दगड तेवढा पलीकडे पोचव."

"दगड? पलीकडे काय कमी आहेत का?"

मग घरी येऊन चिडचिड. सासूबाई टोमणा मारत, "माझ्यासाठी कधी एवढी झोप उडाली नाही हो तुमची."

"तुझा दगड चोरला नाही मी," मामंजी म्हणत.

तीस वर्षांनी खिंड उघडली. माझे यजमान नोकरीवर दूर, म्हणून गूळ आणि कापड लादून मीच निघाले. सत्तरीचे मामंजी खेचरांच्या पुढे! "अहो, दम घ्या जरा," मी ओरडले. "दम घ्यायला तीस वर्षं होती," ते मागे न बघता म्हणाले.

ताकलाकोटला विचारत विचारत घर सापडलं. दार तोब्ग्यालच्या मुलीने, नोर्झोमने उघडलं. वडील जाऊन चार हिवाळे झाले होते. तिने बसायला गालिचा टाकला, पण मामंजी उभेच. कमरेचे दोन्ही अर्धे काढून त्यांनी तिच्यापुढे धरले. "पोरी, मी मुद्दाम नेले नाहीत गं. घाईत आले. मी मैत्री मोडली नव्हती."

ती दगडांकडे बघतच राहिली. मग आत गेली आणि तिसरा दगड घेऊन आली. गुळगुळीत, एका बाजूने घासून घासून तिरका केलेला.

"बाबांना वाटायचं, दगड त्यांच्याच हातून हरवला," ती म्हणाली. "म्हणायचे, जसमल आला तर काय दाखवू? मीच मैत्री फेकून दिली असं वाटेल त्याला. नदीवरून दगड आणायचे आणि तुमचा अर्धा आठवून घासत बसायचे. डोळे गेले तरी घासायचे."

मामंजींनी तो आपल्या अर्ध्याला लावून पाहिला. बोटभर फट राहिली.

"गाढवा!" ते एकदम ओरडले. मी दचकले. "नेला मी, आणि चोर तू झालास?" आणि मग माझ्यादेखत, त्या परक्या अंगणात, हा कडक माणूस हमसून हमसून रडला.

तोब्ग्यालचा खरा अर्धा त्यांनी नोर्झोमला दिला. आपला माझ्या हातात ठेवला. "पुढच्या वर्षी तुम्ही दोघी जुळवा." तो न जुळणारा मात्र स्वतःच्या कमरेला बांधला.

मला वाटलं, मामंजी आता सुटले. घरी आलो त्या संध्याकाळी भाकरी अर्धी टाकून ते पुन्हा उठले.

"आता काय राहिलं हो?" सासूबाई वैतागल्या.

मामंजी दारातच थांबले. हात कमरेवर होता.

"एकटाच घासत बसला गं तो," ते म्हणाले.