सातव्या घरापासून

सिद्राम गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होता. दुपारपाळी असल्यानं सकाळी सात ते दहा तो कॉलेजात जायचा. गावातल्या व्यापाऱ्यांनी देणग्या गोळा करून नोकरदारांसाठी काढलेलं ते कॉलेज म्हणजे धर्मशाळेच्या वरच्या चार खोल्या. शहात्तर साली बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला संगणकाचा नवा पेपर आला. तो घ्यायला पाचच जण तयार झाले. त्यांत एकतीस वर्षांचा, चष्मेवाला सिद्राम सगळ्यांच्या आधी.

पाचांपैकी एकानंही संगणक पाहिलेला नव्हता. शिकवणाऱ्या नागनाथ सरांनी पुण्यात एकदा काचेबाहेरून पाहिला होता, तेवढाच. प्रोग्राम छापील तक्त्यावर पेन्सिलीनं लिहायचा, एका घरात एक अक्षर. तक्ते पार्सलनं पुण्याला जायचे, तिथं त्यांवरून यंत्राला वाचता येतील अशी भोकांची कार्डं पाडली जायची आणि बारा-पंधरा दिवसांनी यंत्राचं उत्तर सोलापुरात यायचं. ओळ सातव्या घरापासून सुरू करायची. सहाव्यात काही पडलं की यंत्र ती ओळ मागच्या ओळीला जोडून टाकायचं.

सिद्रामनं गिरणीच्या बारा खात्यांची वर्षभराची हजेरी घेतली होती. कुठल्या खात्यात कुठल्या महिन्यात माणसं जास्त आजारी पडतात, ते त्याला काढायचं होतं. पहिलं उत्तर आलं, नुसत्या चुकांची यादी. दुसरं तसंच. तिसऱ्या वेळी सरांनी कागद त्याच्यासमोर आपटला.

"परत सहाव्या घरात! अहो, घरं मोजता येत नाहीत तुम्हाला?"

सिद्रामनं कागद उचलून घडी घातली. त्याला घरं मोजता येत होती, दिसत नव्हती. दिवाळीपासून बाजूचं दिसणं कमी झालं होतं. चालताना खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, औषधानं उरलेली टिकली तर टिकली, असं ते म्हणाले. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं आणि गिरणीत तर मुळीच नाही. न दिसणारा टाइम ऑफिसचा कारकून कोण ठेवणार?

त्याच्या बायकोनं, कमलम्मानं मात्र ओळखलं. ताटातली चटणी तो बोटांनी चाचपून शोधायला लागला, तेव्हा तिनं ताट बाजूला सारून सरळ विचारलं, "किती दिसतंय तुमाला? खरं सांगा."

त्यानं सांगितलं. तिनं ताट परत त्याच्यापुढं सरकवून त्याचं बोट चटणीवर टेकवलं. मग म्हणाली, "तो तक्ता हिकडं द्या. तुमी सांगा, मी लिवते."

"इंग्रजी हाय ते."

"असू दे की. चित्र काढल्यागत काढीन."

मैंदर्गीच्या कन्नड शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती. महिनाभर तिनं पाटीवर इंग्रजी अक्षरं गिरवली. मग रोज सकाळी तो कॉलेजातून आला की दोघं तक्ता घेऊन बसायची. तो अक्षर सांगायचा, ती सुईच्या टोकानं घरं मोजून लिहायची. एकदा त्यानं चुकीचं चिन्ह सांगितलं. तिनं मागच्या ओळीकडं बघून विचारलं, "वर तर आडवी रेघ होती, हितं फुली कशी?" सिद्रामला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी तो हसला होता.

फेब्रुवारीत चौथं उत्तर आलं. एकही चूक नव्हती. छपाई इतकी फिकी की त्याला सगळा कागद कोराच दिसला. कमलम्मानं एकेक आकडा वाचून दाखवला. कापूस पिंजायच्या खात्यात जानेवारीत निम्मी माणसं आजारपणानं घरी, असं यंत्रानं सांगितलं होतं.

लेखी परीक्षेला बायको चालणार नव्हती. लेखनिकासाठी त्यानं अर्ज केला. उत्तर आलं, पूर्ण अंध असल्याचा दाखला जोडा. तो पूर्ण अंध नव्हता. एप्रिलच्या उन्हात तीन तास बसून त्यानं पेपर लिहिला. ओळींवर ओळी चढलेल्या. हजेरीच्या त्या प्रोग्रामवर प्रात्यक्षिकात तो कॉलेजात पहिला आला. बाकीचे पेपर कसेबसे सुटले, संगणकाच्या लेखीत नापास.

त्याच पावसाळ्यात त्यानं दोन कामगारांची हजेरी एकमेकांच्या नावावर चढवली. साहेबांनी बोलावून राजीनामा लिहून घेतला. कमलम्मा टॉवेलांच्या कारखान्यात कडा शिवायला जाऊ लागली. सिद्राम घरात बसून असायचा. पुस्तकं त्यानं कॉलेजला देऊन टाकली.

दोन वर्षांनी नागनाथ सर घरी आले. आता नियम सैल झाला होता, लेखनिक मिळणार होता. "एकच पेपर राहिलाय, सिद्राम. फॉर्म मी भरतो."

सिद्रामला तोवर उजेड-अंधार एवढंच कळत होतं.

"पास होऊन काय करू, सर? कोण कामावर घेणार?"

"अहो, पदवी तरी..."

"परत येऊ नका सर. पाया पडतो तुमच्या."

सर जिन्यानं खाली उतरले. कमलम्मा मागोमाग धावली. "सर, त्या पेपराला मला बसता येईल का?" तिनं विचारलं.

"तुम्ही मॅट्रिक झालात?"

"न्हाय."

सरांनी नाही म्हणून मान हलवली. ते छत्री उघडून निघून गेले. कमलम्मा वर आली. सिद्रामनं विचारलं, "काय म्हनत होते?"

"काय न्हाय," ती म्हणाली आणि कारखान्यात जायला डबा भरू लागली.