नळाचं पाणी
गॅरेजच्या फळीवर गाडीची काच धुवायच्या लिक्विडची बाटली दिसली. हिवाळ्यात न गोठणारं ते निळं लिक्विड पाहिलं, की मला इथल्या, न्यूझीलंडच्या डेझर्ट रोडवरची ती सकाळ आठवते. पुण्याहून आल्यावरचा आमचा पहिलाच हिवाळा होता आणि लोअर हटहून ऑकलंडला आम्ही निघालो होतो एका जुन्या, स्वस्त, डबीएवढ्या जपानी गाडीत. निघताना नवऱ्याने वायपरच्या टाकीत पुण्याच्या सवयीने नळाचं पाणी भरलं होतं. दोन्हीकडे पांढरं पडलेलं गवत, घर नाही, माणूस नाही, आणि हीटर नुसताच घरघरत होता. पुढच्या ट्रकने काचेवर चिखल उडवला, म्हणून नवऱ्याने पाणी मारलं. वायपर एकदा फिरला आणि ते पाणी तिथल्या तिथे गोठून सगळी काच आंधळी झाली. “मला काही दिसत नाहीये गं,” तो अगदी हळू म्हणाला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत राहिले, “डावीकडे घे! ब्रेक नको मारूस!” मागून एक हॉर्न वाढत वाढत आला आणि आमची डबी गदागदा हलवून पुढे गेला. चाकांखाली खडी वाजली, आम्ही थांबलो. उतरून बघते तर बंपरपासून हातभर अंतरावर एक छोटा पांढरा क्रॉस, इकडे अपघातात माणूस गेला तिथे लावतात तसा. त्यावरची फुलं ताजी होती. आज पहाटे, अशाच थंडीत, लेक तिची पहिली, तशीच डबीएवढी गाडी घेऊन त्याच रस्त्याने गेली. “वायपरची टाकीपण फुल केलीये, मम, डोन्ट वरी,” म्हणाली. बाटलीचं सील मात्र अजून तसंच आहे, आणि अंगणातला नळ गळतोय.