बाबांना न दिलेलं औषध

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणत असू. पोंभुर्ण्याच्या शाळेतून शिकत शिकत ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पोचली होती. पन्नासचं दशक सरत आलं होतं. तिचं काम नेमकं काय, हे गावात कुणालाच सांगता येत नसे. 'उंदरं पाळते,' एवढंच ठाऊक.

बाबांच्या गळ्याला गाठ झाली, तेव्हा तीच त्यांना मुंबईला घेऊन गेली. सोबतीला मीही गेले. इस्पितळात गाठीवर किरणं देत. गाठ बसू लागली, पण गळ्याची कातडी भाजल्यासारखी झाली आणि बाबांना पेजही गिळवेना.

एका दुपारी बाई भेटायला आली, तेव्हा बाबा तिला म्हणाले, "इथले डाक्टर म्हंतात, तुयं उंदरावरचं औषध किरणापासून वाचवते. मंग मले काऊन देत नाई?"

माझ्याही मनात तेच होतं. बाई त्यांच्या पायाशी बसली.

"बाबा, ज्या उंदराले गाठ आहे त्याले आमी औषधाची सुई देतो. त्या औषधातल्या गंधकाले आमी खूण करून ठेवतो. मंग औषध अंगात कुठी कुठी गेलं, ते यंत्रावर समजते. काळजात जाते, पोटातल्या पानथरीत जाते, हाडाच्या मगजात जाते. पण गाठीतही जाते."

"मंग?"

"मंग चांगल्या मांसासंग गाठही किरणातून वाचंन. कोन्या उंदराच्या गाठीत कमी जाते, कोन्याच्या जास्त. अजून पाहूनच राह्यली मी. तुमच्यावर कसं पाहू?"

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, रागावले. मग त्यांनी सावकाश मान हलवली.

"धानाले खत टाकलं त तणालेही लागते. राहू दे पोरी. भाजला त भाजला गळा."

बाई उठून बाहेर नळावर गेली. खूप वेळ तोंड धूत राहिली आणि तिथूनच परत कामावर गेली. बापाचे हाल डोळ्यांसमोर असताना 'मला अजून माहीत नाही' असं म्हणायला केवढं बळ लागलं असेल! माझ्यात ते नव्हतं.

किरणं संपली. कातडी गळून नवी आली. आम्ही चांद्याला गाडीतून उतरलो, गावी आलो, आणि बाबांनी आईच्या हातचा मऊ भात पोटभर खाल्ला. आवाज घोगरा झाला तो झालाच, पण पुढं कितीतरी हंगाम ते बांधावर उभे राहून त्याच आवाजात हाका मारत.

पुढच्या दिवाळीत बाई घरी आली. ओसरीवर शेजारणी जमल्या. एकीनं विचारलं, "जमलं का वो बाई तुमचं औषध?"

"नाई," बाई म्हणाली. "गाठीत किती जाईन, याचा भरोसा नाई. तसंच लिहून देल्लं मी."

शेजारीण हिरमुसली. बाबा मात्र सुपारी कातरता कातरता थांबले आणि म्हणाले, "हे सांगाले बी कोणी लागतेच ना!"