जावयाची ओळ कशी खोडायची?

काही उन्हाळ्यांपूर्वीपर्यंत मी फार हुशार बाई होते. टेलिफोन ऑफिसात नोकरी झालेली, आणि जळगावातल्या आमच्या गल्लीत स्वतःचं डोमेन असलेली एकमेव आजी. त्या बाईची आठवण आली की आजही तिचा कान पिळावासा वाटतो.

उद्योग साधा होता. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका माझ्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, घालायच्या, आणि मी लांब पांगलेल्या खानदेशी माणसांना ईमेलने चिठ्ठी धाडायची: हंगाम सुरू झाला, मागणी कळवा. चिठ्ठी गेली की मागण्या यायच्याच. इतक्या नेमाने, की त्या वर्षी मी म्हणून बसले, "भिजवा गं ज्वारी, मी आहे ना!" माझ्या शब्दावर बायकांनी लग्नघरांची पापडाची कामं सोडली आणि ज्वारी भिजत घातली.

माझ्या चिठ्ठ्या सगळ्यांना एकगठ्ठा ईमेल करणाऱ्या कंपनीने नेमका तेव्हाच नियम बदलला. डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ नावाची एक ओळ असते. तुमच्या नावाने टपाल कोण पाठवू शकतं, ते ती सांगते. तिथे कंपनीचं नाव घाला, डिजिटल सही जोडा, आणि ओळख पटली नाही तर पत्राचं काय करायचं तेही लिहा, असा निरोप आला. सही किचकट दिसली, ती मी 'नंतर बघू'त टाकली. ओळख न पटल्यास स्पॅममध्ये टाका, हे मात्र ठणकावून लिहिलं. उद्या एखादा भामटा माझ्या नावाने बिबडे विकायचा! कंपनीची ओळही घातली. कशी घातली ते सांगतेच, जरा दम धरा.

चिठ्ठी गेली. एरवी दुपारपर्यंत उघडणाऱ्यांचा टक्का चढायचा, या वेळी तो जमिनीवरून उठेचना. मागणी एकही नाही.

माझ्यातल्या हुशार बाईसाहेबांनी निदान केलं: मथळा मिळमिळीत आहे. मग मथळ्यात आमरस घातला, उद्गारचिन्हांची रांग लावली आणि चिठ्ठी पुन्हा धाडली. टक्का आणखी खाली गेला.

मग टेलिफोनवाली जागी झाली. लाइन बिघडली की पलीकडच्याला विचारायचं, ऐकू येतं का? मी यावलच्या भाच्याला फोन लावला. "मिळाली की, अक्का! झकास लिहिलीये." शिरपूरची मावसबहीण म्हणाली, "वाचताना डोळेच भरून आले गं." बिबड्यांच्या भावाने डोळे भरून यावेत, याची तेव्हा मला शंकासुद्धा आली नाही. लाइन ठीक, म्हणजे लिखाणात खोट. बसले पुन्हा लिहीत.

जिन्यातल्या खोलीत माझा कॉम्प्युटर. भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास गच्चीवरून उतरून त्या खोलीत माझ्याशेजारी येऊन बसायचा. वर गेले तर बायका विचारणार, खाली गेले तर घरचे. चहासुद्धा मी तिथेच मागवायला लागले. दोंडाईचाकडची एक जण दारातून डोकावली.

"आते काय, अक्का? बठ्ठी ज्वारी भिजी गई शे."

"घाटा शिजवायला घ्या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सगळी भिजून बसलेली ज्वारी पोत्यात परत जात नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीभर ओल्या धोतरांवर त्या शिजवलेल्या घाट्याचे बिबडे थापले गेले, आणि प्रत्येक बिबड्याबरोबर माझी खोली लहान होत गेली.

तेवढ्यात धुळ्याहून लेकीचा फोन. "आई, सासूबाई रुसल्यात. या वर्षी त्यांना चिठ्ठी पाठवली नाहीस म्हणे."

"सगळ्यांना मिळाली, त्यांनाच कशी मिळत नाही? वेगळं आवतण हवं असेल!"

"तूच विचार त्यांना."

मुलीची आई ना मी. लावला फोन.

"विहीणबाई, चिठ्ठी धाडली होती हो."

"आम्हाला नाही आली. मोठ्या लोकांच्या यादीत आमचं नाव राहतं कशाला?"

"नीट बघा तरी."

"बघते. नाहीतर म्हणाल, बघायला येत नाही." मग त्या पुटपुटत एकेक कप्पा उघडू लागल्या. "सापडलात! स्पॅममध्ये आहात. वरती कुणाला लॉटरी लागलीये, खाली टक्कल जाण्याचं तेल, मधे तुम्ही. एकदा नाही, उद्गारचिन्हांसकट दोनदा."

हसू की रडू ते कळेना. भाच्याला फोन केला. "खरं सांग, बघितली होतीस का?" तो म्हणाला, "अक्का, तुम्ही विचारल्यावर नाही कसं म्हणायचं?" मावसबहिणीचे डोळेही स्पॅममध्येच सापडले. पाहुणा उपाशी असूनही जेवून आलो म्हणतो, तशी माझी सगळी लाइन चालू होती. एकट्या विहीणबाई खरं बोलत होत्या, आणि मी त्याला रुसवा समजले.

सेटिंग उघडली. तिथे एसपीएफच्या दोन ओळी होत्या. जुनी जावयाने लिहिलेली, डोमेन त्यानेच घेऊन दिलं होतं. कंपनीचं नाव त्याच ओळीत घालायला हवं होतं. पण जावयाने लिहिलेल्यात आपण खाडाखोड कशी करायची? म्हणून मी माझी ओळ अदबीने खाली वेगळी लिहिली होती. अशा दोन ओळी दिसल्या की समोरचे सर्व्हर एकही मानत नाहीत. सही तर नव्हतीच. आणि ओळख पटेना म्हणून माझ्याच हुकमाने माझं टपाल स्पॅममध्ये चाललं होतं. मी भामट्यासाठी लावलेल्या कुलपाच्या आत स्वतः बसले होते.

जावयाला फोन करून परवानगी मागितली. "मी लिहिलं होतं?" तो म्हणाला. "मला आठवतही नाही, आई. खोडा ना!"

दोन्हींची एक ओळ केली, सही जोडली, चिठ्ठी साध्या मथळ्याने पुन्हा पाठवली. आधी विहीणबाईंना. उत्तर आलं: "मिळाली. मागच्या वर्षी मीठ जास्त होतं. नेहमीइतके पाठवा."

बाकीच्या मागण्या रखडत आल्या. एकदा संशय बसला की सर्व्हरही लवकर विसरत नाहीत. डबे भरून ठेवलेले बिबडे पावसाळा सरेपर्यंत जात राहिले, आणि तोवर मी बायकांच्या समोरून मान खाली घालून जात राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या आल्या खऱ्या, पण पोत्याचं तोंड सोडेनात. दोंडाईचाची म्हणाली, "अक्का, तुमचं राहू द्या. धुळ्याहून विहीणबाईंचं काही आलं का?"